निद्रानाश : मनाच्या आजाराचे लक्षण की स्वतंत्र दुखणे?

मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा गेलेल्या माणसाला, त्याची तक्रार कोणतीही असो, एक प्रश्न हमखास विचारला जातो : झोप कशी लागते? उत्तर बहुतेक वेळा एकाच धाटणीचे असते. ‘झोप अशी नाहीच, पण मनावरचा ताण उतरला की ती आपोआप येईल.’ हे उत्तर समंजस वाटते आणि कित्येक वर्षे डॉक्टरांनाही ते तसेच वाटत होते. नैराश्य किंवा चिंता हा मूळ आजार आणि झोप उडणे ही त्याची सावली, तेव्हा आजार गेला की सावलीही जाईल, असा तो हिशेब होता. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाने हा हिशेब अपुरा ठरवला आहे. झोप बिघडणे हे मनाच्या आजाराचे लक्षण असू शकते, त्याला निमंत्रण देणारे कारण असू शकते, आणि पुष्कळदा मूळ आजार ओसरल्यावरही ते वेगळे दुखणे म्हणून मागे उरते. त्यामुळे मन ठीक होण्याची वाट पाहत झोपेचा प्रश्न बाजूला ठेवण्यात रुग्णाचे नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी झोप मुळात कशी येते इथून सुरुवात करावी लागेल.

झोप कशी येते

झोपेत मेंदू काम थांबवतो, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांमध्येही रूढ होती. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी असे दाखवून दिले, की झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून अनेकदा बंद पापण्यांआड झपाझप फिरतात आणि त्या वेळी त्याला उठवले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला रेम झोप म्हणतात. हलक्या झोपेपासून गाढ झोपेपर्यंतचे तीन टप्पे आणि ही रेम झोप मिळून साधारण ९० मिनिटांचे एक आवर्तन होते आणि अशी चार ते सहा आवर्तने रात्रभरात होतात, मात्र ती एकसारखी नसतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात उरकतो, तर रेम झोप पहाटेकडे वाढत जाते. आपण जिला साखरझोप म्हणतो तिच्यात रेमचा वाटा मोठा असतो. म्हणूनच आठ तास झोपणाऱ्याने पहाटेचे दोन तास कापले तर एकूण झोप पाव हिश्श्याने घटते, पण रेम झोप त्याहून बऱ्याच मोठ्या प्रमाणात बुडते.

झोप दोन शक्तींच्या मेळातून येते, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि आजचे उपचार समजून घ्यायला तीच सर्वांत उपयोगी पडते. पहिली शक्ती म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते जितके साचेल तितकी पेंग अनावर होते. चहा-कॉफीतले कॅफीन मेंदूतली अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते, त्यामुळे भूक असूनही जाणवत नाही. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे दुपारी चारला घेतलेल्या कॉफीतले जवळजवळ अर्धे कॅफीन रात्री नऊलाही अंगात असते. दुपारची लांबलेली झोप हीच भूक आधीच भागवून टाकते. दुसरी शक्ती म्हणजे शरीरातील घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो आणि तो चोवीस तासांचा ताल धरून शरीराचे तापमान, संप्रेरके आणि जाग यांचे वेळापत्रक चालवतो. हा ताल पेशीच्या आत कसा निर्माण होतो हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळचा उजेड या घड्याळाला रोज जुळवून घेतो आणि रात्री उशिराचा झगझगीत उजेड त्याला मागे ढकलतो. भूक पुरेशी साचली आणि घड्याळानेही रात्र झाल्याचे सांगितले, की झोप लागते; तिला ओढून आणावे लागत नाही. हे वाक्य पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

झोप आणि मन यांचा सांधा

एक रात्र बुडाली की दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. त्यामागे काय घडते, याची झलक २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळाली. निरोगी तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवून, मेंदूचे स्कॅन चालू असताना त्यांना अप्रिय चित्रे दाखवली गेली. भीती आणि धोका ओळखणारा मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग, म्हणजे अ‍ॅमिग्डाला, झोपलेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात सुमारे ६० टक्के अधिक उसळला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्कही सैल झालेला दिसला. झोप न झालेला माणूस उगाच रडतो किंवा ओरडतो, असे घरच्यांना वाटते, पण त्या वेळी त्याच्या भावनांना लगाम घालणारी यंत्रणाच ढिली पडलेली असते. त्याला ‘मन घट्ट कर’ असे सांगून फारसा उपयोग होत नाही, तो याच कारणाने.

हे एका रात्रीचे झाले. महिनोन्महिने झोप बिघडली तर काय होते? अमेरिकेत सुमारे ८,००० लोकांच्या एक वर्षाच्या अंतराने दोनदा मुलाखती घेतलेला एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळा निद्रानाश असलेल्यांमध्ये नव्याने नैराश्य येण्याचा धोका खूपच जास्त होता, तर ज्यांची झोप मधल्या काळात सुधारली त्यांच्यात तो बराच कमी दिसला. पुढे २०११ मध्ये अशा २१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या माणसांना पुढे नैराश्य येण्याचा धोका नीट झोपणाऱ्यांच्या दुप्पट असल्याचे त्यात आढळले. हे सारे मानसोपचाराच्या वर्गीकरणातही उतरले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘प्राथमिक’ निद्रानाश आणि ‘दुसऱ्या आजारामुळे आलेला’ निद्रानाश हा भेद काढून टाकला. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने, झोपायला पुरेसा वेळ आणि संधी असूनही झोप लागत नसेल, मोडत असेल किंवा पहाटे फार लवकर उडत असेल, आणि त्याने दिवस बिघडत असेल, तर सोबत नैराश्य असो वा नसो, निद्रानाशाचे निदान स्वतंत्रपणे करायचे, असे ठरले.

धोका वाढतो म्हणजे झोपेमुळेच आजार होतो, असे लगेच म्हणता येत नाही. दोहोंचे मूळ तिसरीकडे असू शकते. त्यामुळे खरी परीक्षा अशी, की फक्त झोप सुधारली तर मन सुधारते का? ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच तपासले गेले. निद्रानाश असलेल्या या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना केवळ झोपेवरचे ऑनलाइन उपचार देण्यात आले. बरेच विद्यार्थी मध्येच गळाले, ही त्या चाचणीची उणीव मान्य करायला हवी. तरीही उपचार मिळालेल्या गटाची झोप तर सुधारलीच, शिवाय संशयग्रस्त विचार, भास, चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाणही घटले.

सगळ्या आजारांत झोप एकाच तऱ्हेने बिघडत नाही, आणि तऱ्हा ओळखता आली तर निदानाला मोठी मदत होते. चिंतेने ग्रासलेल्याची झोप बहुधा सुरुवातीलाच अडते. पाठ टेकताच दिवसभर दाबून ठेवलेले विचार रांग लावून येतात. नैराश्यात पहाटे तीन-चारला जाग येऊन मन सर्वांत जड असते, रेम झोप नेहमीपेक्षा लवकर सुरू होते आणि काहींच्या बाबतीत उलट दहा-बारा तास झोपूनही थकवा जात नाही. आघातानंतरच्या तणावविकारात तोच प्रसंग दुःस्वप्न होऊन परत येतो आणि माणूस झोपेलाच घाबरू लागतो. बायपोलर आजाराचे, म्हणजे ज्यात नैराश्य आणि अवाजवी उत्साहाचा उन्माद आलटून पालटून येतात त्याचे, मात्र वेगळे लक्षात ठेवावे. उन्मादाच्या काळात तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, त्याला झोप नको असते. ही तक्रार निद्रानाशाची नसते, कारण निद्रानाशाचा रुग्ण झोपेसाठी तळमळत असतो आणि दिवसभर मरगळलेला असतो. बायपोलर रुग्णाच्या एकदोन रात्री जागरणात गेल्या तर त्यातूनच उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्या घरच्यांनी झोपेच्या तासांवर लक्ष ठेवणे औषधांइतकेच महत्त्वाचे ठरते.

या नात्यात एक कोडेही आहे. तीव्र नैराश्याच्या रुग्णाला एक पूर्ण रात्र जागे ठेवले, तर सुमारे निम्म्या रुग्णांचे मन दुसऱ्या दिवशी लक्षणीय हलके होते आणि पुढची झोप झाली की बहुतेकांना पुन्हा पहिल्यासारखे वाटू लागते. हा प्रयोग कोणीही घरी करू नये. पण झोप आणि मन यांचे नाते ‘जितकी जास्त झोप तितके बरे मन’ इतके सरळ नाही, एवढे यावरून कळते.

वाईट रात्री मुक्काम का करतात

परीक्षा, आजारपण, वियोग, नोकरी जाणे, नवजात बाळ अशा कारणांनी झोप कोणाचीही उडते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत परत येते. काहींची का येत नाही, याचे आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात दिलेले उत्तर मला अत्यंत मोलाचे वाटते. त्यांनी कारणांचे तीन थर मांडले : मुळातच असलेला कल, जसे हळवा स्वभाव किंवा घराण्यात असलेला निद्रानाश, निमित्त ठरलेला प्रसंग, आणि निमित्त संपल्यावरही आजार टिकवून धरणाऱ्या सवयी. उपचाराचा खरा विषय हा तिसरा थर आहे.

या सवयी आळसातून येत नाहीत; त्या झोप परत मिळवण्याच्या धडपडीतून येतात, आणि म्हणूनच त्या सोडणे अवघड जाते. रात्र वाईट गेली म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी नऊलाच अंथरुणावर पडतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी भरपाई करतो. झोपेची भूक त्यामुळे साचतच नाही. पडल्यापडल्या तो घड्याळ पाहतो, ‘आता झोपलो तरी चारच तास’ असा हिशेब मांडतो, उद्याच्या कामाची धास्ती घेतो. असे आठवडेच्या आठवडे गेले, की अंथरूण ही विसाव्याची जागा न राहता तळमळण्याची जागा होते. खुर्चीत बसून पेंगणारा माणूस उशीला डोके टेकताच टक्क जागा होतो, याचे कारण हेच. झोपेसाठी जोर लावावा तितकी ती दूर जाते, कारण जोर लावणे हे जागेपणाचे काम आहे.

उपचार

सर्वांत आधी झोप मोडण्याची शारीरिक कारणे तपासून घ्यावीत. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे शेजारी झोपणाऱ्याने पाहणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा डुलक्या येणे ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणे आहेत. या आजाराचा थकवा, उदासी आणि विस्मरण नैराश्यासारखेच दिसते, आणि झोपेत बंद होणारा श्वासमार्ग नैराश्याच्या गोळ्यांनी उघडत नाही. त्यासाठी रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारे यंत्र वापरतात. संध्याकाळनंतर पायांत अस्वस्थ शिवशिव होत असेल, तर रक्तातील लोहाचा साठा तपासावा लागतो. थायरॉइड, जुनाट वेदना आणि चालू असलेली औषधेही पाहावी लागतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीच झोप हलकी होते आणि तेव्हा गोळी सकाळी घेण्याचा साधा बदलही पुरतो, मात्र तो डॉक्टरांना विचारून करावा. मद्याने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोपेचे तुकडे होतात.

यानंतर पहिला उपचार म्हणून गोळी दिली जाते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने २०१७ मध्ये, प्रौढांमधील जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून निद्रानाशावरची कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, सुचवली आहे. चार ते आठ बैठकींच्या या उपचारात बोलण्यापेक्षा करण्याचा भाग मोठा असतो. सुरुवात झोपेच्या नोंदवहीने होते. एक-दोन आठवडे रोज सकाळी, घड्याळ न पाहता अंदाजाने, किती वाजता पडलो, किती वेळाने झोप लागली, किती वेळा मोडली आणि कधी उठलो, हे लिहायचे.

समजा नोंदवहीतून असे दिसले, की कोणी रात्री दहा ते सकाळी सात असे नऊ तास अंथरुणावर असतो, पण झोपतो सरासरी साडेपाच तास. म्हणजे अंथरुणावरचा जवळजवळ ४० टक्के वेळ तळमळण्यात जातो. तेव्हा त्याला साडेपाच तासांचीच मुभा मिळते : उठायचे रोज सहाला, आणि साडेबाराच्या आधी पडायचे नाही. ऐकताना हे क्रूर वाटते, आणि पहिले एक-दोन आठवडे खरोखरच जड जातात. पण झोपेची भूक साचते, झोप सलग होऊ लागते, आणि अंथरुणावरच्या वेळापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास वेळ झोपेत जाऊ लागला, की ही मुभा आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवली जाते. पाच तासांच्या खाली ती सहसा आणत नाहीत. बायपोलर आजार किंवा अपस्मार असलेल्यांनी, तसेच वाहन किंवा धोक्याची यंत्रे चालवणाऱ्यांनी हा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये.

दुसरा भाग रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला : पेंग आल्याशिवाय पडायचे नाही, साधारण १५-२० मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांत करायचे, पेंग आली की परतायचे, आणि कितीही वेळा असे झाले तरी उठण्याची वेळ बदलायची नाही. अंथरूण आणि झोप यांची तुटलेली गाठ त्यातून पुन्हा बांधली जाते. तिसरा भाग विचारांचा. ‘आठ तास झाले नाहीत तर उद्याचा दिवस वाया’ या धास्तीची नोंदवहीतल्या खऱ्या दिवसांशी तुलना केली, की तिचा जोर ओसरतो. संध्याकाळी लवकरच्या वेळी उद्याच्या काळज्या कागदावर उतरवून ठेवणे, श्वासाचे आणि स्नायू सैल करण्याचे व्यायाम, हेही यात येते. खोली अंधारी आणि थंड ठेवा, फोन दूर ठेवा, या सूचना चांगल्याच आहेत. पण जुना निद्रानाश केवळ त्यांनी क्वचितच बरा होतो, आणि सगळे पाळूनही झोप न आलेला माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो, याचे मला फार वाईट वाटते. मनगटावरच्या यंत्रातील झोपेचे गुण रोज तपासण्यानेही काहींची धास्ती वाढलेलीच दिसते.

गोळ्यांना स्थान आहे, पण मर्यादित. तीव्र संकटाच्या काळात थोड्या दिवसांसाठी त्या खरोखर आधार देतात. डायझेपामच्या कुळातील औषधे १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. त्यांची सवय लागते, त्यांनी वृद्धांमध्ये पडण्याचा धोका वाढतो, आणि ती एकदम बंद केली तर झोप आधीपेक्षा वाईट होते, क्वचित फिटही येते. म्हणून बऱ्याच काळापासून घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याआठवड्याने कमी करत न्यावी लागते. झोल्पिडेमसारख्या नंतरच्या गोळ्यांबाबत, झोपेत चालणे किंवा वाहन चालवणे यांसारख्या घटनांमुळे, अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये सर्वोच्च पातळीचा इशारा छापायला लावला. जागेपणाचा संदेश देणाऱ्या ओरेक्सिन या द्रव्याला अडवणारी औषधे ही झोल्पिडेमच्याही नंतरची पिढी. त्यांतील पहिल्या, सुवोरेक्सांटला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. झोप आणणारी काही नैराश्यरोधके दोन्ही आजार एकत्र असताना उपयोगी पडतात. मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर शरीरात स्रवणारे संप्रेरक, गोळी म्हणूनही मिळते; त्याचा खरा उपयोग शरीरातील घड्याळ पुढेमागे सरकले असेल तेव्हा होतो. साध्या निद्रानाशात त्याचा परिणाम थोडाच असतो.

दुःस्वप्नांवर वेगळा आणि साधा उपचार आहे : दिवसा, जागेपणी, ते स्वप्न हवा तसा शेवट बदलून लिहायचे आणि नवे रूप रोज काही मिनिटे मनात घोळवायचे. हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या नैराश्यात सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रखर दिव्यासमोर बसण्याने फायदा होतो, मात्र बायपोलर रुग्णाने ते स्वतःहून सुरू करू नये.

निद्रानाश आणि वारंवारची दुःस्वप्ने यांचा आत्महत्येच्या विचारांशीही संबंध आढळतो, आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास, सगळे झोपलेले असताना, हे विचार सर्वांत खरे वाटतात. असे विचार येत असतील तर वर सांगितलेला कोणताही क्रम पाळत बसू नये. जवळच्या माणसाला त्या क्षणी उठवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मदतवाहिनीला गाठावे. दोन-तीन रात्री अजिबात झोप न होता उत्साह मात्र वाढत असेल, किंवा इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येऊ लागले असतील, तरीही तितकीच घाई करावी.

उपचाराने झोप परतल्यावरही अधूनमधून एखादी रात्र कोरडी जाणारच. आजार पुन्हा सुरू होतो तो बहुधा त्या रात्रीमुळे नव्हे, तर दुसऱ्या दिवशी तिची भरपाई करण्यामुळे. म्हणून त्या सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचे, दुपारची झोप टाळायची, आणि रात्री पेंग येईपर्यंत अंथरुणाकडे वळायचे नाही.